अवरक्त वर्णपट: खिडकी निवडण्यापासून मुतखडा ओळखण्यापर्यंत

३४५० ला रुंद फुगवटा, १६४० ला आणखी एक शिखर, ४००० च्या टोकाला खाली झुकलेली आधाररेषा, आणि शेजारी संगणकाने सुचवलेलं भलत्याच पदार्थाचं नाव. असा वर्णपट हाती आला की पहिला संशय यंत्रावर जातो. यंत्र बहुतेक वेळा निर्दोष असतं. चूक त्याआधीच झालेली असते: खिडकी (म्हणजे नमुना ज्या पारदर्शक चकतीवर किंवा चकत्यांमध्ये ठेवतात ती) निवडताना, भुकटी वाळवताना किंवा खलात. म्हणून इथे कामाचा क्रम महत्त्वाचा आहे. एक टप्पा गाळून पुढे गेलात, तर त्याची भरपाई नंतर संगणकावर होत नाही.

या लेखातले तरंगसंख्येचे (एका सेंटीमीटरमध्ये किती तरंग मावतात त्याचे) सगळे आकडे प्रति सेंटीमीटर आहेत. विचार फक्त मधल्या अवरक्त क्षेत्राचा आहे, म्हणजे ४००० ते ४०० चा, आणि यंत्र एफटीआयआर (फूरिए रूपांतरावर चालणारा अवरक्त वर्णपटमापक) धरलं आहे.

टप्पा १: आधी पट्टा ठरवा, मग खिडकी

कपाटात जी खिडकी सापडेल ती लावायची, ही सवय सगळ्यात महाग पडते. आधी तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहा. मला हवा असलेला सगळ्यात खालचा पट्टा (नमुना जिथे किरण शोषतो ती जागा) कुठे आहे? नमुन्यात पाणी आहे का? नमुना आम्लधर्मी आहे की अल्कधर्मी?

साधी काच २००० च्या खाली जवळजवळ पूर्ण बंद असते. त्यामुळे सूक्ष्मदर्शकाच्या नेहमीच्या पट्टीवर लावलेल्या ऊतीच्या कापातून प्रथिनांचे पट्टे मिळणार नाहीत, मग यंत्र कितीही चांगलं असो.

सोडियम क्लोराइड सुमारे ६५० पर्यंत चालतं, पोटॅशियम ब्रोमाइड ४०० पर्यंत. दोन्ही पाण्यात विरघळतात, आणि जवळून सोडलेल्या श्वासानेही त्यांचा पृष्ठभाग धुकट होतो. कॅल्शियम फ्लोराइडला पाण्याची भीती नाही, पण ते वरच संपतं: जाड खिडकी ११०० च्या आसपास, एक मिलिमीटरची पातळ खिडकी साधारण १००० पर्यंत. प्रथिनांच्या १६५० आणि १५५० च्या पट्ट्यांसाठी ते उत्तम. हाडातल्या किंवा खड्यातल्या फॉस्फेटचा १०३५ चा पट्टा मात्र त्याच्या काठावर येतो, तिथे त्याच्यावर भरवसा ठेवू नका. बेरियम फ्लोराइड ८०० च्या आसपासपर्यंत नेतं, पण पाण्यात किंचित विरघळतं, तापमान एकदम बदललं की तडकतं, आणि सल्फेट किंवा फॉस्फेटचं बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) त्यावर पांढरा थर सोडतं. शिवाय ते विषारी आहे.

झिंक सेलेनाइड पिवळसर दिसतं आणि पाण्याला टिकतं, पण पीएच ५ ते ९ च्या बाहेर नेऊ नका. तीव्र आम्ल पडलं तर खिडकी खराब होतेच, वर हायड्रोजन सेलेनाइड हा अतिविषारी वायू सुटतो. जर्मेनियम आम्ल-अल्क दोन्ही सोसतं. डोळ्यांना ते धातूच्या चकतीसारखं अपारदर्शक दिसतं, त्यामुळे दिव्यासमोर धरून त्याची जुळवणी होत नाही. ते १०० अंश सेल्सियसच्या वर तापलं की अवरक्त किरणांनाही अडवू लागतं. हिरा रासायनिकदृष्ट्या सगळ्यात निर्धास्त, पण २६०० ते १८०० या भागात तो स्वतःच शोषण करतो. नायट्राइल, आयसोसायनेट, अल्काइन यांची शिखरं नेमकी तिथेच येतात. तेव्हा ती शोधायची असतील तर हिऱ्याऐवजी दुसरा स्फटिक घ्या.

केआरएस-५ हा लालसर, मऊ स्फटिक फार खालपर्यंत जातो, पण त्यात थॅलियम आहे. हातमोज्यांशिवाय त्याला हात लावायचा नाही, आणि तो घासून चकचकीत करण्याचा प्रयोग तर मुळीच करायचा नाही.

*तपासा:* कोरी खिडकी एकटीच यंत्रात ठेवून पारगमन (किती प्रकाश आरपार जातो ते) पाहा. दोन्ही पृष्ठभागांवरच्या परावर्तनामुळे पोटॅशियम ब्रोमाइड साधारण ९२ टक्के प्रकाश सोडतं, झिंक सेलेनाइड ७१ टक्के आणि लेप नसलेलं जर्मेनियम ४७ टक्के. हा त्या पदार्थाच्या अपवर्तनांकाचा परिणाम आहे, मळ नव्हे. हे माहीत नसल्याने चांगली जर्मेनियम खिडकी घासघासून ओरखडलेली अनेक ठिकाणी दिसते.

टप्पा २: यंत्र आणि पार्श्वभूमी

यंत्रातला किरणविभाजक बहुधा पोटॅशियम ब्रोमाइडचाच असतो. म्हणजे दमटपणा त्यालाही खातो. आर्द्रता दाखवणारी खूण रोज पाहा आणि शोषक वेळेवर बदला. कोरडी हवा किंवा नायट्रोजन सोडण्याची सोय असेल तर झाकण बंद केल्यावर काही मिनिटं थांबा, मगच मोजा.

नंतर पॉलिस्टायरीनची प्रमाण फिल्म लावून शिखरं तपासा. ३०६०.०, १६०१.२ आणि १०२८.३ ही तीन शिखरं एका एककाच्या आत जागेवर हवीत. ही तपासणी किरकोळ वाटते, पण पुढे मुतखड्यात बारा एककांच्या फरकावर निदान अवलंबून असणार आहे, तेव्हा तिचं महत्त्व कळतं.

नेहमीच्या कामाला ४ ची विभेदनक्षमता (जवळची दोन शिखरं वेगळी दाखवण्याची क्षमता) आणि ३२ स्कॅन पुरतात. गोंगाट निम्मा करायचा असेल तर स्कॅन चौपट लागतात, दुप्पट करून भागत नाही. पार्श्वभूमी आणि नमुना दोन्हींसाठी विभेदनक्षमता आणि स्कॅनची संख्या एकच ठेवा, आणि दोन्हींमध्ये फार वेळ जाऊ देऊ नका.

*तपासा:* २३५० च्या आसपासचं जोडशिखर म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड. ते उलटं दिसलं, तर पार्श्वभूमी घेताना खोलीत तो जास्त होता. १९०० ते १३०० आणि ३९०० ते ३५०० या भागांतल्या बारीक, टोकदार रेघा पाण्याच्या वाफेच्या असतात.

*सावधान:* या रेघा आलेख गुळगुळीत करून घालवू नका. त्या प्रथिनांच्या १६५० च्या पट्ट्यावर नेमक्या बसतात. गुळगुळीत केलं की त्या दिसेनाशा होतात, पण त्यांनी बिघडवलेला आकार तसाच राहतो आणि पुढे त्यातून प्रथिनाच्या रचनेबद्दल खोटे निष्कर्ष निघतात. कोरडी हवा सोडून पुन्हा मोजा.

टप्पा ३: पोटॅशियम ब्रोमाइडची गोळी

नमुना पोटॅशियम ब्रोमाइडच्या भुकटीत मिसळून, दाबून पारदर्शक गोळी पाडायची. सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून सावकाश.

१. वर्णपटासाठीच्या शुद्धतेची भुकटी पसरट भांड्यात पातळ पसरून ११० अंशांवर दोन-तीन तास वाळवा. भट्टीतून काढल्यावर थेट डेसिकेटरमध्ये (ओल शोषणारा पदार्थ ठेवलेल्या बंद भांड्यात). बाकावर 'जरा गार होऊ दे' म्हणून ठेवलेली भुकटी गार होता होताच ओल धरते.

२. साचा, दट्ट्या आणि अकीकाचा खल स्वच्छ करून कोमट भट्टीत वाळवा. गार साच्यावर दव धरतं.

३. आधी नमुना *एकटा* दळा. मिलिग्रॅमभर नमुना खलात पसरून, त्याची चमक जाईपर्यंत आणि तो खलाच्या बुडाला चिकटून तुकतुकीत थर होईपर्यंत. कण दोन मायक्रॉनपेक्षा बारीक हवेत, कारण तरंगलांबीच सुमारे अडीच मायक्रॉनपासून सुरू होते. कण मोठे राहिले की प्रकाश विखुरतो. ४००० च्या बाजूला आधाररेषा झुकते आणि शिखरं एका बाजूला कललेली, तिरकी येतात. तिरकं शिखर दिसलं की दोष रसायनाचा नसून दळण्याचा आहे असं समजा.

४. आता सुमारे २०० मिलिग्रॅम वाळवलेलं पोटॅशियम ब्रोमाइड थोडं थोडं घालून मिसळा. इथे जोर लावून दळायचं नाही, फक्त एकजीव करायचं. बहुतेक जण उलट करतात: दोन्ही एकत्र टाकून दहा मिनिटं दळत बसतात. नमुना मिठाच्या (म्हणजे पोटॅशियम ब्रोमाइडच्या) कणांमध्ये सुटा राहतो आणि मीठ हवेतली ओल पीत राहतं.

५. मिश्रण १३ मिलिमीटरच्या साच्यात घाला. दट्ट्या अलगद ठेवून थोडा फिरवा, म्हणजे थर सपाट होतो. निर्वात पंप दोन मिनिटं चालवा, मग ८ ते १० टन भार एक-दोन मिनिटं. ७ मिलिमीटरच्या साच्याला दोन टन पुरतात. जास्त दिलात तर साचा जातो.

६. भार हळू सोडा. एकदम सोडला तर गोळीला थर सुटतात.

*तपासा:* छापील अक्षरांवर गोळी धरा. तिच्यातून अक्षरं स्वच्छ वाचता आली पाहिजेत. गोळी सगळीकडे दुधाळ असेल तर भुकटी ओली आहे किंवा भार कमी पडला. पांढरे ठिपके असतील तर मिश्रण एकजीव झालेलं नाही. मध्ये पारदर्शक आणि कडेला धुकट असेल तर साच्यात थर सपाट बसला नव्हता. पहिली गोळी टाकून द्यायची तयारी ठेवा. धुकट गोळी पुन्हा दाबून क्वचितच सुधारते.

प्रमाणाबद्दल एकच कसोटी पुरे: सगळ्यात मोठं शिखर १० टक्के पारगमनाच्या खाली जाऊ नये. शिखराचं टोक सपाट झालं की त्याची उंची आणि जागा दोन्ही निरुपयोगी. अशा वेळी नमुना निम्मा करून नवी गोळी पाडा, संगणकावर आलेख ताणून काही होत नाही.

पाण्याच्या शंकेचं निरसन कोऱ्या गोळीने करा. नुसत्या पोटॅशियम ब्रोमाइडच्या गोळीत ३४५० आणि १६४० ला जे दिसतं ते नमुन्याचं नाही. ही कोरी गोळी प्रत्येक नव्या बाटलीबरोबर एकदा तरी मोजून जपून ठेवा.

*सावधान:* औषधांचे हायड्रोक्लोराइड क्षार पोटॅशियम ब्रोमाइडबरोबर दळले आणि दाबले की क्लोराइड-ब्रोमाइडची अदलाबदल होऊ शकते. तिथे पोटॅशियम क्लोराइड वापरा. एकाच औषधाची वेगवेगळी स्फटिकरूपं ओळखायची असतील तर गोळी टाळलेलीच बरी. दळण्याने आणि दाबाने एक रूप दुसऱ्यात बदलू शकतं, आणि मग आपण जे शोधत होतो तेच आपण पुसून टाकलेलं असतं. त्यासाठी एटीआर, म्हणजे स्फटिकाच्या आतून परावर्तित होणाऱ्या किरणाने त्यावर दाबलेला नमुना मोजण्याची पद्धत.

टप्पा ४: एटीआर

स्फटिकावर नमुना ठेवून दाबायचा, एवढंच काम. त्यामुळे इथे तयारीकडे दुर्लक्ष होतं.

स्फटिक आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, वाळू द्या, मग पार्श्वभूमी घ्या. त्यानंतर नमुना न ठेवता पुन्हा एकदा मोजा. सरळ रेषा आली पाहिजे. २९२० आणि २८५० ला शिखरं दिसली तर बोटाचा तेलकटपणा आहे किंवा मागचा नमुना उरला आहे.

किरण नमुन्यात किती खोल जातो, हे स्फटिकावर ठरतं. अपवर्तनांक १.५ असलेला नमुना, ४५ अंशांचा कोन आणि १००० ही तरंगसंख्या धरली तर हिरा किंवा झिंक सेलेनाइडवर ही खोली २ मायक्रॉन येते आणि जर्मेनियमवर ०.६६ मायक्रॉन. ३००० ला दोन्हींची एकतृतीयांश. म्हणून एटीआरमध्ये डावीकडची (मोठ्या तरंगसंख्येची) शिखरं गोळीच्या तुलनेत बुटकी दिसतात. ग्रंथालय (संगणकातला ओळखीच्या वर्णपटांचा संग्रह) गोळ्यांवर बनवलेलं असेल तर आधी एटीआर दुरुस्ती लावा, मगच तुलना करा. तरीही बळकट शिखरं काही एकक खाली सरकलेली दिसू शकतात, त्यामुळे नेमक्या जागेवर निकाल अवलंबून असेल तिथे एटीआरची तुलना एटीआरशीच करा.

कार्बनची काजळी भरलेलं काळं रबर हिऱ्यावर विचित्र, एका बाजूला ओढलेली शिखरं देतं. ४५ अंशांवर हिऱ्याची मर्यादा सुमारे १.७ अपवर्तनांकाची आहे. त्यापलीकडे पूर्ण अंतर्गत परावर्तन होतच नाही. अशा नमुन्याला जर्मेनियम लागतं.

कठीण दाणे जर्मेनियम किंवा झिंक सेलेनाइडवर दाबू नका. पहिलं ठिसूळ आहे, दुसऱ्यावर ओरखडे पडतात. तिथे हिराच.

टप्पा ५: पाण्यातले नमुने

पाण्याचं शिखर १६४५ ला आणि प्रथिनांचा पहिला मुख्य पट्टा १७०० ते १६०० मध्ये. दोन्ही एकमेकांवर. म्हणून साध्या पाण्यात प्रथिन मोजायचं तर दोन खिडक्यांमधलं अंतर १० मायक्रॉनच्या आत हवं, ६ ते ८ असेल तर उत्तम. जड पाण्यात (हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम असलेल्या) ५० मायक्रॉनपर्यंत चालतं, कारण त्याचं तेच कंपन १२१० च्या आसपास खाली सरकतं. पण जड पाण्यात प्रथिनातले हायड्रोजन बदलले जातात आणि १५५० चा पट्टा १४५० कडे जातो, हे वाचताना लक्षात ठेवा.

दोन खिडक्यांमधल्या अंतरपट्टीवर छापलेल्या जाडीवर विसंबू नका. रिकामी पेटी (अंतरपट्टीसह जोडलेल्या दोन खिडक्या) मोजा. खिडक्यांमधल्या परावर्तनामुळे आलेखावर लाटा येतात. समजा २००० ते १००० मध्ये १० पूर्ण लाटा मोजल्या: १० भागिले दोनदा १०००, म्हणजे ०.००५ सेंटीमीटर, म्हणजे ५० मायक्रॉन. लाटाच दिसत नसतील तर खिडक्या समांतर बसलेल्या नाहीत किंवा त्यांचे पृष्ठभाग खराब झाले आहेत.

बफरचा वर्णपट त्याच पेटीत, त्याच तापमानाला घ्या. वजा करताना २१२५ च्या आसपासचा पाण्याचा रुंद, मंद पट्टा सपाट होईल इतकंच वजा करा. त्याहून जास्त नको.

टप्पा ६: मुतखडा

वैद्यकातला हा सगळ्यात रुळलेला उपयोग, आणि इथली चूक थेट रुग्णाच्या औषधांवर आणि पथ्यावर जाते. तेव्हा नमुना हातात आल्याच्या क्षणापासून काळजी घ्या.

खडा फॉर्मॅलिनमध्ये ठेवू नका. ऊर्ध्वपातित पाण्याने हलकेच धुऊन रक्त आणि श्लेष्म काढा, नाहीतर १६५० आणि १५४० ला प्रथिनांचे पट्टे येऊन ऑक्सलेटचं शिखर झाकतात. वाळवायचा तो ४० अंशांच्या आत, हवं तर रात्रभर. गोळीची भुकटी ११० ला वाळवायची सवय असते आणि त्याच भट्टीत खडाही जातो. तिथे स्ट्रुव्हाइटमधलं (मॅग्नेशियम अमोनियम फॉस्फेटमधलं) पाणी आणि अमोनिया निघून जातो, कॅल्शियम ऑक्सलेट डायहायड्रेटही पाणी गमावू लागतं. मग वर्णपट त्या खड्याचा उरत नाही.

खडा सरसकट कुटू नका. मधोमध फोडा, भिंगाखाली पाहा. गाभा, मधले थर आणि वरचं कवच वेगळे दिसले तर तीन वेगळे नमुने घ्या. गाभ्यात खडा कशावर धरू लागला ते कळतं, आणि संपूर्ण भुकटीच्या सरासरीत तेच हरवतं.

आता वाचन. कॅल्शियम ऑक्सलेट मोनोहायड्रेटची बळकट शिखरं १६२० आणि १३१६ ला, सोबत ७८० ला टोकदार शिखर. डायहायड्रेटमध्ये १३१६ च्या जागी १३२८, आणि ७८० चं टोक बोथट, रुंद. फरक बारा एककांचा. दोन्ही मिसळलेले असतील तर शिखर अधेमधे, १३२० च्या आसपास दिसतं. दुसऱ्या टप्प्यातली पॉलिस्टायरीनची तपासणी ज्याने केली नाही, त्याला हे सांगताच येणार नाही. कार्बोनेट अ‍ॅपेटाइट (कॅल्शियम फॉस्फेटचा एक प्रकार) १०३५, ६०३ आणि ५६५ ने ओळखता येतं. कार्बोनेटसाठी १४२० ते १४६० आणि ८७३ पाहा. स्ट्रुव्हाइटचं फॉस्फेट त्याच्या जरा खाली, १००५ च्या आसपास, आणि अमोनियमचं १४३५ ला. अ‍ॅपेटाइट आणि स्ट्रुव्हाइट बहुधा जोडीने येतात, त्यामुळे १०३५ चं शिखर रुंद दिसलं तर त्याच्या खांद्याकडे (बाजूच्या उंचवट्याकडे) बारकाईने बघा. सिस्टीनला १६२०, १५८५, १४८५ आणि १४१० असा ओळीने आलेला संच असतो. युरिक अ‍ॅसिडची शिखरं इतकी दाट असतात की थोडं ऑक्सलेट त्यात बुडून जातं.

*तपासा:* १०८० ला मोठा पट्टा आणि ७९८-७७९ ही जोडी म्हणजे वाळू. खडा म्हणून आणलेला दगड खरोखरच बाहेरचा असू शकतो. ७८० एवढंच पाहून त्याला ऑक्सलेट म्हणू नका, १६२० आणि १३१६ आहेत का ते बघा. मात्र १०८० ते ११०० चा मंद फुगवटा अकीकाच्या खलातूनही येतो, कारण अकीक म्हणजे सिलिकाच. फार कठीण खडा फार वेळ दळला की असं होतं.

ग्रंथालयाने दिलेला जुळणीचा आकडा शेवटी पाहा, आधी नाही. तो आकडा मुख्य घटकाने ठरतो, आणि पाच टक्क्यांच्या खालचा घटक त्यात सहज निसटतो. मुख्य घटकाचा शुद्ध वर्णपट वजा करा आणि उरलेल्या आलेखात ओळखीची शिखरं आहेत का ते पाहा. उरलेल्या आलेखात निदान दोन शिखरं एकाच पदार्थाची सापडली तरच त्याचं नाव लिहा. एकाच शिखरावर लिहू नका.

अहवालात खड्याचा कोणता भाग मोजला, कसा वाळवला आणि गोळी की एटीआर, हे तीनही लिहा. उरलेली भुकटी बंद कुपीत, नाव-तारीख घालून ठेवा. दुसऱ्या प्रयोगशाळेने वेगळा निकाल दिला तर पुन्हा मोजायला तीच लागेल.